आकडा २२ वरून १९ वर आला, म्हणजे माणूस मागे गेला का?

प्रश्न : माझे मिस्टर ३६ वर्षांचे आहेत. गेल्या मोसमात आंबे काढताना झाडावरून पडले. मणक्याचं ऑपरेशन झालं, रॉड-स्क्रू घातले. डिस्चार्ज कार्डावर ‘डी-८, कम्प्लीट’ लिहिलंय. छातीखाली काही कळत नाही, पाय हलत नाहीत. याला सात महिने झाले. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीच्या मॅडम घरी येतात. कॉटच्या कडेला बसवतात, भिंतीला मोजायची टेप चिकटवली आहे, तिच्या बाजूने हात पुढे करायला लावतात आणि आकडा लिहून घेतात. गेल्या महिन्यात २२ सेंटिमीटर होता, या महिन्यात १९. सासूबाई म्हणतात, पैसे देऊन माणूस मागे चाललाय, बंद करा. मॅडम मला आजूबाजूच्या उशा काढायला सांगतात. एकदा ते बाजूला कलंडले, तेव्हापासून माझा धीरच होत नाही. चालायचं सोडून बसण्याचं मोजमाप कशाला? येत्या मोसमात पेट्या भरायला बसेन म्हणतात, बसू द्यावं का? व्हीलचेअरही घ्यायची आहे. (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

ताई, नमस्कार.

आधी सासूबाईंच्या शंकेचं बघू. २२ चे १९ झाले एवढ्यावरून मिस्टर मागे गेले असं मी म्हणणार नाही. मॅडमच्या वहीत त्या आकड्यांच्या शेजारी आणखी काही लिहिलंय का, ते मला बघायला आवडलं असतं. नुसता आकडा लिहिला असेल, तर २२ ही तितकाच अर्धवट आणि १९ ही.

ही चाचणी मुळात उभ्या माणसांसाठी होती. म्हाताऱ्या माणसांपैकी कोण पडण्याची शक्यता जास्त, हे ओळखायला अमेरिकेत पामेला डंकन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ती मांडली: उभं राहायचं, हात पुढे करायचा, पाऊल न उचलता किती लांब जातो ते मोजायचं. १९९८ मध्ये तीच चाचणी मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी बसून करायच्या पद्धतीत बदलली गेली. माणसाला पाठीमागे टेका देऊन बसवायचं, गुडघ्यामागची खोबण कॉटच्या कडेपासून दोन-तीन बोटं पुढे, तळवे जमिनीला टेकलेले. टेप खांद्याच्या उंचीवर, आडवी. हात खांद्याच्या रेषेत समोर. आकडा बोटांच्या टोकाशी घेत नाहीत, मनगटाच्या करंगळीकडच्या उंचवट्याशी घेतात, कारण मानेत इजा असलेल्यांची बोटं सरळ होत नाहीत आणि सगळ्यांना एकच माप लावायचं असतं. मग कुठेही न धरता जमेल तितकं पुढे जायचं. आधी सरावाचे, मग मोजायचे तीन प्रयत्न, आणि त्या तिघांची सरासरी.

आता यात तीन सेंटिमीटर कुठे कुठे हरवू शकतात बघा. मागच्या वेळी तळवे टेकलेले होते आणि या वेळी कॉट उंच असल्याने पाय लोंबत होते. गादी बदलली. ऑपरेशननंतर पाठीला बांधायचा पट्टा, म्हणजे टेलर्स ब्रेस, एकदा होता आणि एकदा काढला होता. एकदा उजवा हात मोजला, एकदा डावा. दुसऱ्या हाताने मांडीवर हळूच दाब दिला, जो कुणाच्या लक्षात आला नाही. सुरुवातीलाच पाठ टेक्याला जास्त रेलली होती, म्हणजे शून्यच मागे सरकला आणि पल्ला आपोआप वाढला. आंघोळ, व्यायाम सगळं आटोपून दमल्यावर मोजलं. आदल्या रात्री पोट साफ झालं नव्हतं आणि पायांना झटके येत होते. लघवीत इन्फेक्शन असेल तर झटके बऱ्याचदा वाढतात, आणि पुढे वाकताना पाय ताठ झाले की माणूस मागे फेकला जातो.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. २२ ला ते स्वतः परत आले होते, की तुम्ही धरलं होतं?

हे मॅडमना नक्की विचारा. पहिल्या महिन्यांत बरेच पेशंट अंग झोकून देतात, समोर कुणीतरी उभं असतं, ते झेलतं, आणि टेपवर भला मोठा आकडा उमटतो. पुढे शहाणपण येतं. जिथून परत येता येणार नाही तिथवर माणूस जातच नाही. असं असेल तर १९ हा २२ पेक्षा चांगला आकडा आहे. माझ्या मते या चाचणीत पुढे जाण्याइतकंच परत येणं मोलाचं आहे, आणि वहीत दोन्ही लिहायला हवं: किती गेले, कसे परत आले.

मिस्टरांचं शरीर हे कसं जमवतं, तेही समजून घ्या, म्हणजे घरात ‘सरळ बस, सरळ बस’ म्हणणं थांबेल. डी-८ म्हणजे छातीच्या मणक्यांतला आठवा टप्पा. छातीचं मधलं हाड संपतं तिथपासून बेंबीपर्यंतच्या पट्ट्यात कुठेतरी त्यांची जाणीव थांबत असणार. पोटाच्या वरच्या भागातल्या स्नायूंना थोडाफार हुकूम पोचत असेल. खालचं पोट, कंबरेजवळची पाठ, खुबे यांना पोचत नाही. डोकं, हात आणि धड मिळून शरीराचं निम्म्याहून बरंच जास्त वजन असतं, आणि ते सगळं सांभाळायचं ज्या ओटीपोटाच्या हाडावर, त्या हाडावर त्यांचा ताबा नाही. मग ते बसतात कसे? काखेखालून सुरू होऊन थेट कंबरेपर्यंत उतरणारा पाठीचा एक रुंद स्नायू आहे, लॅटिसिमस. तो कंबरेला चिकटलेला असला तरी त्याची नस निघते मानेतून, म्हणजे इजेच्या वरून. तो शाबूत असतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात स्नायूंमधली विद्युत हालचाल मोजून दाखवलं की कमरेखाली लुळी पडलेली माणसं हात पुढे करताना हा स्नायू आणि मानेखालचा ट्रॅपेझियस तोलासाठी वापरायला शिकतात. निरोगी माणसात या कामाला दुसरे स्नायू असतात. हे शिकणं आपोआप होत नाही, आणि सात महिने हा काही फार काळ नाही.

दुसरा भाग त्या पोक काढून बसण्याचा. ओटीपोटाचं हाड मागे कललेलं, पाठ गोल, हनुवटी पुढे. बघायला बरं दिसत नाही हे खरं. पण मागे कललेल्या बैठकीत टेकण्याची जागा मोठी होते आणि वजन मागे राहतं, म्हणून पुढे तोंडावर जाण्याची भीती कमी होते. त्यांना तुम्ही ताठ बसवलंत तर पाठीचे खालचे स्नायू धरून ठेवणार नाहीत आणि ते पुढे जातील. पोक पूर्ण काढायला लावू नका, पूर्ण सोडूनही देऊ नका. माकडहाडावर वजन आलं की तिथे जखम होते, आणि ती दुखणार नाही म्हणून कळणारही नाही. सरावानंतर कुशीवर वळवून माकडहाड आणि दोन्ही ढुंगणाखालची हाडं बघा, मोबाइलवर फोटो काढून त्यांनाही दाखवा. लाल झालेली जागा थोड्या वेळात निवळली नाही, तर त्या दिवशी पुन्हा बसवायचं नाही.

बसण्याचं मोजमाप कशाला, हा तुमचा प्रश्न. सकाळचा विचार करा. लघवीची नळी दिवसातून चार-पाच वेळा घालावी लागते. आज ती बहुतेक तुम्ही घालत असाल. स्वतः घालायची तर दोन्ही हात मोकळे हवेत. एक हात तोलासाठी कॉटला धरलेला असेल तर ते काम होत नाही. दोन हात सोडून काही मिनिटं स्थिर बसता आलं की त्यांची लघवी त्यांच्या ताब्यात आली. तुम्ही दोन दिवस माहेरी जाऊ शकता, एवढा तो फरक आहे. पॅन्ट चढवणं, कॉटवरून खुर्चीत सरकणं, अंगावर पाणी घेणं, खाली पडलेला मोबाइल उचलणं, सगळं याच तोलावर. आणि दर अर्ध्या तासाने दोनेक मिनिटं पुढे मांड्यांवर ओणवं होऊन ढुंगणावरचा दाब काढणं, ज्यावर बेडसोर होणार की नाही हे ठरतं, तेही पुढे जाऊन परत येण्याचंच काम आहे.

म्हणून टेप ही एकटी चाचणी पुरत नाही. ती फक्त एका दिशेचं सांगते. मॅडम बाकीचंही करत असतील, पण वहीत येत नसेल. १४ प्रकारांची, ५६ गुणांची एक बसण्याची चाचणी आहे, ‘फिस्ट’ म्हणतात तिला. ती आधी पक्षाघाताच्या पेशंटसाठी तयार झाली आणि नंतर मज्जारज्जूच्या इजेतही वापरली जाऊ लागली. तिच्यात डोळे मिटून बसायचं असतं, मान ‘नाही नाही’ अशी हलवायची असते, पुढून-मागून-बाजूने हलकेच ढकललं तर सावरायचं असतं, पाठीमागची वस्तू वळून उचलायची असते, जमिनीवरची वस्तू उचलायची असते, बसल्या जागी पुढे-मागे-बाजूला सरकायचं असतं. डोळे मिटायचा भाग घरच्यांना पोरखेळ वाटतो. तो मुद्दाम बघा. ज्याला खालचं अंग जाणवत नाही तो डोळ्यांनी तोल सांभाळतो. डोळे मिटताच काही जण लगेच डुलतात. रात्री लाइट गेल्यावर कॉटच्या कडेला बसलेला माणूस का पडतो, ते तिथे कळतं. त्याच चाचणीत पाय उचलायचाही एक प्रकार आहे आणि तिथे मिस्टरांचे गुण जाणारच, कारण पाय उचलायची ताकदच नाही. त्यांच्या तोलाला तिथे दोष देऊ नये. दुसरी चाचणी अगदी साधी: टेका न घेता बसून टी-शर्ट घालायचा आणि काढायचा, घड्याळ लावून. टी-शर्ट डोक्यावरून जाताना क्षणभर डोळेही झाकले जातात आणि दोन्ही हातही अडकतात. मला विचाराल तर घरच्यांना समजायला टेपपेक्षा हीच बरी. सासूबाईंना सेकंद मोजायला बसवा.

थोडं विषयांतर. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ गुणांचा वर्ग देतात, आणि मैदानावर असलेल्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर चालत नाही. हा वर्ग देताना मुख्यतः बघतात ते हेच, की खुर्चीत बसून धड पुढे, बाजूला आणि वळून कुठवर नेता येतं आणि ताब्यात परत आणता येतं. ज्याचं धड कमी साथ देतं त्याचा गुण लहान, म्हणून त्याची जागा संघात पक्की होते. मिस्टरांना क्रीडेची आवड असेल तर हे जरूर सांगा.

आता उशा. तुमची भीती रास्त आहे, तुम्ही त्यांना कलंडताना पाहिलंय. पण दोन्ही बाजूंना उशा, मागे लोड आणि वर तुमचा हात एवढं असेल, तर तोल उशा सांभाळतात, ते नाही. तोल शिकायला किंचित डुलावं लागतं. मधला रस्ता असा: कॉट भिंतीला लावून एक बाजू बंद करा, जमिनीवर जुनी गादी टाका, तळवे टेकतील इतकी उंची ठेवा (नाही टेकले तर पायाखाली पाट). चाकं असलेली कॉट असेल तर ब्रेक तपासा. तुम्ही समोर जरा बाजूला उभ्या राहा, हात त्यांच्या अंगापासून वीतभर लांब, न धरता. कलंडू लागले तर लगेच झडप घालू नका. एक क्षण द्या, हात टेकून ते स्वतः सावरतात का बघा, मग धरा. पडणंही मॅडमकडून शिकून घ्या: बाजूला जाताना कोपर कुठे टेकायचं, तिथून परत वर कसं यायचं. हे येतं म्हटल्यावर निम्मी भीती दोघांचीही जाते. आणि हो, बसवल्यावर चक्कर, डोळ्यांसमोर अंधारी, चेहरा पांढरा पडणं असं झालं तर तो तोलाचा दोष नसतो. बीपी उतरलेलं असतं. लगेच आडवं करा, पाय वर घ्या, त्या दिवशीचं मोजमाप रद्द. रॉड घातलेत, म्हणून पट्टा काढून वाकायची, वळायची परवानगी सर्जननी दिली आहे ना, एवढं मॅडमकडून एकदा पक्कं करून घ्या.

पाय लांब करून बसवून पुढे खेचायचे प्रकार कुणी शेजारीपाजारी सुचवले तर करू नका. मांडीमागचे स्नायू लांब व्हायला हवेत, पण कंबर थोडी ताठर राहिलेली त्यांच्या फायद्याची असते. कुठे ताण द्यायचा आणि कुठे नाही, ते मॅडम ठरवतील.

पेट्या भरायचं म्हणता, तर मी म्हणेन बसू द्या, पण तयारी आतापासून. पेटी भरणं हे टेपच्या चाचणीपेक्षा कठीण आहे, कारण त्यात बाजूला वळणं आहे आणि लांब केलेल्या हातात वजन आहे. पाव किलोचा आंबा काही जड नाही, पण हात पूर्ण लांब असताना तेवढाही धडाला ओढतो. पाठीला टेका असलेल्या खुर्चीत बसवा, समोर टेबलावर पेटी, करंड्या दोन्ही हातांना कोपर वाकवून पोचतील अशा. सुरुवातीला एका बाजूची करंडी जवळ, मग आठवड्याआठवड्याने थोडी लांब. आधी रिकाम्या हाताने, मग कांदे-बटाटे घेऊन. पेंढा घालणं, आंबे लावणं, वर्गवारी करणं ही कामं त्यांची. खालची करंडी उचलून टेबलावर ठेवणं आणि भरलेली पेटी हलवणं दुसऱ्याने करायचं. अर्ध्या तासाचा गजर लावा, गजर झाला की ओणवं व्हायचं. मोसमाच्या घाईत हेच पहिलं विसरलं जातं.

आकडा घसरणं कधीच काळजीचं नसतं असं मात्र समजू नका. सारख्याच पद्धतीने, त्याच वेळी, त्याच कॉटवर मोजून तो दोन-तीनदा सलग उतरत गेला, तर कारण शोधावं लागतं. एक खुबा गरम, सुजलेला आणि वाकवायला कडक वाटतोय का बघा. इजेनंतरच्या पहिल्या महिन्यांत खुब्याभोवतीच्या स्नायूंत नवीन हाड धरू शकतं, मग खुबा वाकत नाही आणि बैठक मागे ढकलली जाते. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी सूज आणि गरमपणा असाच दिसतो, म्हणून तिथे मालीश करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाठीत नवीन बाक, कट्‌कन आवाज, रॉडच्या जागी नवं दुखणं असेल तर एक्स-रे. जिथवर जाणीव होती ती रेषा वर सरकली, हाताची पकड सैल झाली, हाताला गरम-गार कळेनासं झालं, तर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होत असू शकते. ती काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही होते, आणि तिला एमआरआय लागतो. सात महिन्यांच्या आकड्यांची वही अशा वेळी डॉक्टरांच्या फार कामी येते. फिजिओ बंद करू नका म्हणण्यामागे माझं हेही एक कारण आहे.

चालण्याबद्दल स्पष्ट लिहिते, कारण तुम्ही स्पष्ट विचारलंय. टेपवरचा आकडा त्याचं उत्तर देत नाही, २२ असो की ३०. ते उत्तर नसांच्या तपासणीत असतं. ‘कम्प्लीट’ म्हणजे शौचाच्या जागेशी स्पर्शही कळत नाही आणि तिथला स्नायू आवळताही येत नाही. पुढच्या भेटीत सर्जन किंवा रिहॅबच्या डॉक्टरांना ती तपासणी पुन्हा करायला सांगा. सात महिन्यांनंतरही ती तशीच असेल, तर डी-८ मध्ये पायांत चालण्याइतकी ताकद परत येणं फार क्वचित घडतं. हे मिस्टरांना डॉक्टरांनीच सांगू द्या, तुम्ही शेजारी बसा.

आणि व्हीलचेअर दुकानातून पसंत करून आणू नका. लोंबत्या कापडी सीटच्या नेहमीच्या हॉस्पिटल-खुर्चीत ओटीपोट आणखी मागे आणि एका बाजूला कलतं. पाठीचा टेका किती उंच, सीटचा मागचा भाग किती खाली, हे त्यांच्या तोलाच्या चाचणीवरून ठरतं: टेका फार उंच असेल तर खांदे मोकळे फिरत नाहीत, फार बुटका असेल तर एक हात सतत चाक धरून राहतो. मुंबईला जाणं होत असेल तर हाजी अलीजवळच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये दाखवा. मणक्याच्या इजेच्या पेशंटचं पुनर्वसन हे त्यांचं रोजचं काम आहे. जाताना मॅडमची वही न्या. बेडसोरची गादी आधी ठरवा आणि ती खुर्चीत ठेवूनच माप घ्यायला लावा. गादी नंतर आणलीत तर माणूस दोन-तीन इंच वर उचलला जातो, टेका तेवढाच बुटका पडतो आणि पायपट्ट्यांची उंचीही चुकते.